घाट चढून आलेला समुद्र

कोल्हापूर आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी असली, तरी या शहराचा समुद्राशी असलेला संबंध अलीकडचा नाही; तो सातवाहनकाळापर्यंत मागे नेता येतो आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा पंचगंगेच्या काठीच सापडलेला आहे. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात ब्रह्मपुरी टेकडीवर प्रा. के. जी. कुंदणगार यांच्या पुढाकाराने जे उत्खनन झाले, त्यात भूमध्यसागरी बनावटीच्या काही वस्तू असलेला कांस्यवस्तूंचा एक साठा हाती लागला आणि त्या साठ्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक लहानशी मूर्ती होती. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी त्याच टेकडीवर पद्धतशीर उत्खनन करून या वस्तीचा कालक्रम लावला. ही मूर्ती आज टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे. ती पश्चिम किनाऱ्यावरील एखाद्या बंदरात उतरून घाटवाटेने वर आली असावी, असे मानणे सयुक्तिक ठरते. म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेल्या या गावात समुद्राचा देव दोन हजार वर्षांपूर्वीच पोहोचला होता, परंतु त्याचे पाणी मात्र घाटाखालीच राहिले होते.

हाच नियम पुढच्या काळालाही लागू पडतो. समुद्रातून कोल्हापुरात जे जे आले, ते वाळलेले, सुकवलेले किंवा कोरलेले असेच आले. पोवळ्याचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. दागिन्यात ओवले जाणारे लाल पोवळे हे भूमध्य समुद्रात वाढणाऱ्या एका प्रवाळाचा कठीण सांगाडा होय. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात भारतीय बंदरांत उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळ्याचा उल्लेख आहे, आणि रोमन लोकांना मोत्यांचे जेवढे अप्रूप, तेवढेच हिंदी लोकांना पोवळ्यांचे, अशा अर्थाची नोंद प्लिनी या रोमन लेखकाने केलेली आहे. नवरत्नांतील मानाची जागा, मंगळसूत्रातील काळ्या मण्यांशेजारची जागा आणि वैद्याच्या खलातील प्रवाळभस्माची जागा असा पोवळ्याचा तिहेरी संसार मराठी घरात रुजला. पण हा मणी एके काळी सजीव होता, त्याला तोंड होते आणि तो भक्ष्य पकडीत असे, ही जाणीव त्या संसारात कुठेच नव्हती. वाटाण्याएवढ्या मण्यावरून त्या जिवाची कल्पना येणेही शक्य नव्हते.

पोवळे मूठभर घरांत आले. मीठ मात्र प्रत्येक घरात आले. राजापूर आणि कोल्हापूर यांना जोडणारा अणुस्कुरा, रत्नागिरीकडून येणारा आंबा, गगनबावड्याजवळून खारेपाटणकडे उतरणारा भुईबावडा आणि त्याच्या दक्षिणेचा फोंडा, या घाटांनी शतकानुशतके एकाच प्रकारची देवघेव पाहिली. लमाणांचे आणि वंजाऱ्यांचे ओझ्याच्या बैलांचे तांडे वरून धान्य, गूळ आणि मिरची घेऊन उतरत आणि खालून मीठ, नारळ आणि सुकी मासळी घेऊन चढत. खारेपाटण हे बंदर म्हणून किती जुने आहे, याची साक्ष शिलाहार राजा रट्टराज याच्या शके ९३० म्हणजे इ. स. १००८ मधील ताम्रपटात मिळते. परदेशांहून येणाऱ्या जहाजांवर बसवलेल्या सुवर्णनाण्याच्या कराचे उत्पन्न त्यात देवस्थानाला लावून दिलेले आहे. पावसाळ्यात घाट बंद होत, गोणीतले मीठ पाझरून निम्मे होई, म्हणून वर्षाचे मीठ उन्हाळ्यातच भरून ठेवण्याची रीत देशावरच्या गावांत पडली. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत आगगाडी आल्यानंतर या तांड्यांचे दिवस सरले. तथापि मिठाचे महत्त्व कमी झाले नाही. मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी जे उचलले, ते देशावरच्या माणसालाही आपलेच वाटले, यामागे या घाटवाटांची जुनी स्मृती होती असे म्हणता येईल.

घाट चढून आलेले हे मीठ म्हणजे समुद्र नव्हे, ही साधी वाटणारी गोष्ट समजण्यास रसायनशास्त्राला एकोणिसावे शतक उजाडावे लागले, आणि घरातल्या समुद्राचा, म्हणजे घरी ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळटाकीचा, इतिहास खऱ्या अर्थाने तेथूनच सुरू होतो. मिठागरात खाजणाचे पाणी कोंडून उन्हात आटवताना त्यातील क्षार एकदम खाली बसत नाहीत. प्रथम चुनखडी बसते, मग जिप्सम बसते, पाणी आटून सुमारे एकदशांश उरते तेव्हा खाण्याचे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड स्फटिकरूपाने धरू लागते, आणि शेवटी मॅग्नेशियमच्या क्षारांनी कडूजहर झालेले पाणी उरते, ते आगरी बाहेर काढून टाकतो. आगऱ्याचे कसब नेमके यातच असते की, चुना आधी आणि कडवटपणा नंतर वगळून मधले तेवढे शुद्ध मीठ त्याने वेचावे. म्हणून खडेमीठ गोड्या पाण्यात कितीही विरघळवले, तरी त्यातून समुद्र पुन्हा उभा राहत नाही. जो चुना आणि जे मॅग्नेशियम प्रवाळाला सांगाडा रचण्यासाठी आणि टिकवण्यासाठी हवे असते, तेच मिठागरात मागे राहिलेले असते. अलेक्झांडर मार्सेट याने १८१९ मध्ये निरनिराळ्या समुद्रांचे पाणी तपासून असे दाखवले की, खारटपणा कमीजास्त असला तरी त्यातील घटकांचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ सारखेच असते. आणि १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरलेल्या ‘चॅलेंजर’ जहाजाने आणलेल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून विल्यम डिटमार याने १८८४ मध्ये ते प्रमाण पक्के केले. एक किलो समुद्रजलात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड सुमारे ५५ टक्के, सोडियम ३०.६, सल्फेट ७.७, मॅग्नेशियम ३.७, तर कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी एक टक्क्याच्या आसपास. कॅल्शियमचा हा एक टक्का नगण्य दिसतो. साऱ्या प्रवाळभित्ती त्याच्यातूनच बांधल्या गेल्या आहेत.

समुद्रापासून दूर समुद्री जीव जगवण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न एका गृहिणीने प्रवाळांवरच केला, हे विशेष. ॲना थिन ही लंडनमधील एका धर्मोपदेशकाची पत्नी १८४६ मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही एकांडे प्रवाळ घेऊन शहरात परतली. समुद्राचे पाणी संपत चालल्यावर तिने ते टाकून न देता उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात वारंवार ओतून त्यात हवा मिसळण्याची युक्ती काढली, आणि पुढच्या वर्षी त्यात समुद्री वनस्पती सोडून त्यांच्याकडून तेच काम करून घेतले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले ते १८५३ मध्ये, म्हणजे त्यानंतर. फिलिप हेन्री गॉस याने १८५४ मध्ये खाण्याचे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड असे चार क्षार मोजून गोड्या पाण्यात मिसळण्याची कृती प्रसिद्ध केली, तेव्हा किनाऱ्यापासून कितीही आत असलेल्या गावाला समुद्राचे पाणी बनवता येईल, हे तत्त्व सिद्ध झाले. कोल्हापुरात आज जो कोणी पिशवीतले तयार समुद्री मीठ विकत घेतो, तो नकळत गॉसच्याच परंपरेत उभा असतो.

महाराष्ट्रात मात्र पहिले पाऊल खऱ्या समुद्राच्याच काठी पडले, आणि ते स्वाभाविक होते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १९५१ मध्ये झाले. बांधकामाला सुमारे आठ लाख रुपये लागले, त्यांपैकी दोन लाख रुपयांची देणगी दि. बी. तारापोरवाला यांची होती. समोरचेच पाणी उपसून, निवळून आणि गाळून टाक्यांत सोडता येत असल्यामुळे कृत्रिम समुद्रजलाचा प्रश्न तेथे निर्माणच झाला नाही. घाटावरच्या शाळांच्या सहलींत राणीच्या बागेबरोबर हे मत्स्यालयही असे, आणि देशावरच्या अनेक मुलांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो त्याच्या काचेआड. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा खुले झाले, पण २०२० मधील टाळेबंदीत त्याचे दरवाजे मिटले. कोल्हापूरला अधिक जवळचे केंद्र म्हणजे रत्नागिरीच्या झाडगाव भागातील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे असून त्याला जोडून मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. आंबा घाट उतरून दिवसभरात जाऊन येण्याजोगे हे ठिकाण कोल्हापूरच्या जिज्ञासूंनी जितके पाहायला हवे, तितके पाहिलेले दिसत नाही.

मासे जगवणे आणि प्रवाळ जगवणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे आणि ते ओलांडण्यास आणखी एक शतक लागले. प्रवाळ हा प्राणी आहे; त्याच्या प्रत्येक कोवळ्या घटकाला पॉलिप म्हणतात, आणि उथळ समुद्रात भित्ती रचणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते, जे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातील बराच वाटा यजमानाला देते. म्हणजे या प्राण्याला माशाप्रमाणे केवळ अन्न पुरत नाही. वनस्पतीप्रमाणे तीव्र प्रकाश, नदीप्रमाणे वाहते पाणी आणि गवंड्याप्रमाणे सतत चुना लागतो. १९६१ मध्ये जकार्ता येथील ली चिन एंग यांनी यंत्रे जवळजवळ बाजूला सारून समुद्रातील सच्छिद्र, जीवजंतूंनी वसलेले खडक टाकीत ठेवले आणि ते खडकच पाणी शुद्ध ठेवतात, हे दाखवून दिले. माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया विषारी असतो. खडकावरील एक जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात, आणि खडकाच्या आतल्या प्राणवायूविरहित पोकळ्यांतील तिसरे त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. ही वसाहत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नवी टाकी पाण्याने भरली की त्याच संध्याकाळी मासे सोडण्याची जी घाई केली जाते, तिच्यामुळे जितके जीव मेले असतील तितके दुसऱ्या कोणत्याही एका चुकीमुळे मेले नसतील.

यानंतर १९७० आणि १९८० च्या दशकांत जर्मन भाषक हौशी अभ्यासकांनी जी रीत बसवली ती बर्लिन पद्धत म्हणून ओळखली जाते, आणि तिची दोन प्रमुख साधने कोल्हापूरच्या माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. पहिले साधन म्हणजे प्रोटीन स्किमर. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळू लागला की भेंडीचे पाणी घालून वर आलेली मळी गुळव्या झाऱ्याने काढून टाकतो, कारण ती आत राहिली तर गूळ काळा पडतो; स्किमरचे तत्त्वही वरवर पाहता असेच आहे, फरक इतकाच की त्यात उष्णतेऐवजी असंख्य बारीक बुडबुडे वापरतात, पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ त्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटून फेसाबरोबर वर चढतात आणि सडून अमोनिया होण्यापूर्वीच पेल्यात जमा होतात. दुसरे साधन तर घराघरातले: चुन्याची निवळी. स्वित्झर्लंडच्या पीटर विल्केन्स यांनी बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी निवळी थेंबथेंब सोडण्याचा पुरस्कार केला. निवळीतील कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यातील कार्बन डायॉक्साइडशी संयोग पावून प्रवाळाला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी पुरवते. निवळी तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे ती एकदम ओतल्यास सर्वनाश होतो, म्हणून ती रात्री, संथ धारेने द्यावी लागते. या साधनांच्या बळावर बर्लिनच्या डिट्रिच श्ट्यूबर यांनी फांद्यांच्या प्रवाळाचे तुकडे लावून नवी झाडे वाढवावीत तशी नवी प्रवाळे वाढवली आणि ती इतरांना वाटली. कलम करून वाढवलेले प्रवाळ समुद्रातून ओरबाडावे लागत नाही. या साऱ्या इतिहासातील ही सर्वांत मोलाची घटना होय.

कोल्हापूरच्या घरात मोठी प्रवाळटाकी उभारताना हा इतिहास वजन, पाणी आणि ऊन या तीन रूपांत समोर येतो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते. त्यासाठी सुमारे २४ किलो समुद्री क्षारमिश्रण लागते, आणि काच, खडक व घडवंची धरून हे ओझे एक टनाच्या घरात जाते. निवासी इमारतीच्या स्लॅबचा आराखडा करताना दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलोचा चलभार धरतात, तर ही टाकी सव्वा चौरस मीटरहूनही कमी जागेवर त्याच्या चौपट दाब देते. म्हणून पेठांतील जुन्या वाड्यांच्या लाकडी मजल्यावर तिला स्थान नाही, ती जोत्यावर किंवा अभियंत्याला विचारून तुळईलगत भिंतीशीच असावी. पाण्याबाबत नळाच्या पाण्यावर विसंबणे इष्ट नव्हे. काळम्मावाडी धरणाहून थेट पाइपलाइनने येणारे पाणी पिण्यास चांगले असले, तरी त्यातील क्लोरीन, नायट्रेट आणि फॉस्फेट यांचा अंशही प्रवाळाला जड जातो. फॉस्फेट वाढले की शैवाल माजते आणि प्रवाळ गुदमरते, ज्याचे गोड्या पाण्यातले रूप रंकाळा तलावाच्या हिरव्या साईत कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षे पाहिलेले आहे. म्हणून पाणी आर. ओ. यंत्रातून आणि नंतर आयन काढणाऱ्या राळेतून गाळून, त्यात क्षार मिसळून, त्याची सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास आणावी लागते.

येथे मिठागराचा धडा पुन्हा उपयोगी पडतो. टाकीतून पाणी उडून जाते, मीठ उडून जात नाही. त्यामुळे रोज घटलेली पातळी खाऱ्या पाण्याने भरणारा माणूस आपल्या दिवाणखान्यात हळूहळू मिठागर तयार करीत असतो. घट भरून काढायची ती शुद्ध गोड्या पाण्यानेच. चैत्र-वैशाखात कोल्हापूरची हवा तापते आणि कोरडीही होते, तेव्हा हे बाष्पीभवन झपाट्याने वाढते, आणि टाकीचे तापमान २४ ते २७ अंशांच्या मर्यादेबाहेर जाऊन तिशी ओलांडते. मग प्रवाळ आपल्या पेशींतले शैवाल बाहेर टाकून पांढरे पडते. १९९८ आणि २०१६ मध्ये उष्ण समुद्रांतील प्रवाळभित्तींवर जे विरंजन ओढवले, तेच एका टाकीत एका दुपारी घडू शकते. पंखे, शीतकयंत्र, आणि वीज गेल्यास पाणी खेळते ठेवणारा बॅटरीवरचा पंप ही चैन नव्हे, कारण प्रवाह थांबला तर काही तासांतच पाण्यातील प्राणवायू संपतो.

या टाकीत कोणते प्रवाळ असावे, हा प्रश्न मात्र केवळ कौशल्याचा नाही. कोकण किनाऱ्यावर सजीव प्रवाळे आहेत, हे १९७९ मध्ये एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर यांनी नोंदवले. मालवणजवळच्या समुद्राचे सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र एप्रिल १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. आणि विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव धारण करणारा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी उंचवटा प्रवाळांनी समृद्ध आहे. २००१ मध्ये केंद्र सरकारने शैलप्रवाळांचा संपूर्ण गण, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे, पावाप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, आणून बसवले. त्यात बहुतांशी निवडक जातींची नावे नसून गणच्या गण आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मालवणच्या खडकावरून तोडलेला प्रवाळाचा तुकडा बाळगणे हा वाघाचे कातडे बाळगण्यासारखाच गुन्हा ठरतो. कायद्यात २०२२ मध्ये झालेली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेली दुरुस्ती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या परिशिष्टांतील परदेशी जीवांनाही नोंदणीच्या कक्षेत आणते. ही बंधने जाचक नाहीत. ज्या किनाऱ्याने दोन हजार वर्षे घाटावर मीठ, मासळी आणि देवही पाठवला, त्याच्यापाशी जे थोडे जिवंत प्रवाळ उरले आहे, ते तेथेच राहावे एवढीच त्यांची मागणी आहे.

किनाऱ्यावरून काही न ओरबाडताही टाकी वसवता येते. विदूषक मासा हा प्रवाळटाकीतला सर्वांचा आवडता रहिवासी भारतात बंदिस्त पैदाशीने वाढवता येतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र बसवलेले आहे आणि नवी मुंबईतील ऐरोली येथेही त्याचे संवर्धन केंद्र आहे. कोल्हापुरात जो कोणी आपल्या घरात समुद्र उभारू इच्छितो, त्याने विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी हा जीव कोठे जन्मला हे विचारावे, कायद्याने संरक्षित असलेले प्रवाळ दाखवले गेले तर ते घेऊ नये, आणि पैदाशीचा लेखी पुरावा मिळेपर्यंत टाकीत नुसते खडक आणि पाणी ठेवून वाट पाहावी.